अखेरच्या कोसाचा प्रश्न

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लांबचे अंतर उभे राहते. नागपूर ते मुंबई किंवा पुणे ते बंगळूर हा पल्ला कसा गाठावा, याची चिंता आपण आधी करतो. वस्तुतः लांबचा प्रवास आता पूर्वीइतका कष्टाचा राहिलेला नाही. जागा आधी राखून ठेवता येते आणि रात्री निघालेला माणूस सकाळी परमुलखात उतरतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. स्थानकाबाहेर पाऊल टाकल्यापासून घराच्या, कारखान्याच्या किंवा इस्पितळाच्या दारापर्यंतचा जो अखेरचा कोस असतो, त्यात माणसाचा पैसा, वेळ आणि धीर ही तिन्ही खर्ची पडतात.

वाचकहो, गेल्या काही वर्षांत जगातील मोठ्या शहरांतून नेमक्या या कोसासाठी नाना प्रकारच्या सोयी निघाल्या आहेत. कोठे भाड्याच्या सायकली आहेत, कोठे विजेवर चालणाऱ्या स्कूटर आहेत, कोठे अनेकांनी मिळून वापरावयाच्या मोटारी आहेत. आणि या सर्वांची गाठ प्रवाशाशी घालून देणारा मोबाइल तर आता घरोघर आहे. या सोयींचे मर्म काय, त्या कोठे रुजल्या, कोठे बुडाल्या आणि आपल्या घरच्या माणसांना त्यांचा उपयोग किती, याचा विचार या वेळी करू. त्यासाठी प्रथम एका गावी जावे लागेल. त्याचे नाव बोम्मसंद्रा.

पिवळा मार्ग आणि त्याचे टोक

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा वसले आहे. या रस्त्याचे भाग्य पालटले ते अलीकडच्या पन्नास वर्षांत. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार व दोड्ड तोगूर या गावांच्या परिसरात ३३२ एकर जमिनीवर ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ वसविली. पुढे बोम्मसंद्रा येथे औद्योगिक वसाहत वाढली. यंत्रांचे सुटे भाग, औषधे व विजेची उपकरणे यांचे कारखाने तेथे उभे राहिले. डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले हृदयरोगाचे प्रख्यात रुग्णालयही येथेच आहे. तेथे दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण व त्यांचे नातेवाईक येत असतात. म्हणजे पाळीवर जाणारा कामगार, संगणकापुढे बसणारा अभियंता आणि आजारी माणसाला सांभाळून आणणारे कुटुंब, अशी तीन प्रकारची माणसे या एकाच रस्त्याने जातात.

रस्ता मात्र या सर्वांना पुरेना. २०१० साली सुमारे १० किलोमीटर लांबीचा उंच मार्ग बांधला गेला. त्याने मधले अंतर लवकर तुटू लागले, पण शहराच्या तोंडाशी असलेल्या सिल्क बोर्ड चौकातील कोंडी सुटली नाही. त्या चौकातील खोळंबा हा बंगळूरकरांच्या विनोदाचाच विषय होऊन बसला.

अखेर १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या ‘पिवळ्या मार्गा’चे उद्‌घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा असा हा मार्ग १९.१५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर १६ स्थानके आहेत. संपूर्ण मार्ग खांबांवरून जातो. चालकाविना धावू शकतील अशा सहा डब्यांच्या गाड्यांसाठी तो बांधलेला आहे. एवढी मोठी व्यवस्था उभी राहिली, पण गाड्या वेळेवर तयार होऊन आल्या नाहीत, म्हणून मार्ग खुला होण्यास विलंब लागला. आणि खुला झाला तेव्हा तीनच गाड्या हाताशी असल्यामुळे दोन गाड्यांमध्ये २५ मिनिटांचे अंतर ठेवावे लागले. नव्या गाड्या येत गेल्या तसे हे अंतर पुढे कमी होऊ लागले. यातून पहिला धडा मिळतो. वाहन किती वेगाने धावते, यापेक्षा ते किती वेळाने येते, याला प्रवाशाच्या लेखी अधिक मोल आहे.

दुसरा धडा स्थानकाच्या जिन्याखाली मिळतो. मेट्रोने माणसाला बोम्मसंद्र्यापर्यंत आणून सोडले, पण कारखाने काही स्थानकाला लागून नाहीत. ते जिगणीकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर व आतल्या गल्ल्यांतून पसरलेले आहेत. तेथवर कसे जावे? कोणी कंपनीच्या बसची वाट पाहतो, कोणी चौघापाचांत ऑटो करतो, कोणी पायीच निघतो.

यात पैशाचा हिशोबही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोचे दर वाढले तेव्हा ते किमान १० व कमाल ९० रुपये असे ठरले. उलट कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. आता कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या भगिनीची बाजू ध्यानात घ्या. बस फुकट आहे, पण वाहतुकीत अडकते. मेट्रो झपाट्याने नेते, पण तिचे तिकीट काढावे लागते आणि उतरल्यावर ऑटोचे भाडे निराळे. दोन्ही वेळचा हा खर्च महिन्याअखेर बेरजेला आला, की कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला मार्ग डोक्यावरून जात असूनही ती खालच्या बसमध्येच बसेल. आणि तिचा हिशोब चुकला असे कोण म्हणेल? मोठ्या वाहनाचा लाभ कोणाला मिळणार, हे लहान वाहनाच्या भाड्यावर ठरते, ते असे.

नवे काय आणि जुने काय

या अखेरच्या कोसासाठी ज्या नव्या सोयी निघाल्या त्यांची तीन लक्षणे सांगितली जातात: वाहन सामायिक असावे, ते विजेवर चालावे आणि त्याचा कारभार माहितीच्या आधारे व्हावा. यांपैकी पहिली दोन आपल्याला नवीन नाहीत. सातारा-कोल्हापूरकडचे वडाप, विदर्भ-मराठवाड्यातील काळी-पिवळी आणि शहरांतील शेअर रिक्षा ही सारी सामायिक वाहनेच होत. माणसे भरली की गाडी सुटायची आणि भाडे वाटून घ्यायचे, हा व्यवहार खेड्यातील आजीबाईलाही ठाऊक आहे. विजेवरचे सार्वजनिक वाहनही जुनेच. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली आणि १९६४ साली बंद पडली.

खरे नवे आहे ते तिसरे लक्षण. पूर्वी वाहन कोठे आहे हे प्रवाशाला कळत नसे आणि प्रवासी कोठे उभा आहे हे चालकाला कळत नसे. दोघेही अंदाजाने चालत. आता वाहनातील व मोबाइलमधील यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा ओळखते आणि ती मध्यवर्ती संगणकाला कळविते. संगणक जवळच्या प्रवाशाची व जवळच्या वाहनाची गाठ घालून देतो. कोणत्या थांब्यावर किती वाजता किती माणसे जमतात, याची नोंद साठत जाते आणि त्यावरून उद्याच्या फेऱ्या आखता येतात. बसचा मार्ग कागदावर आखून वर्षानुवर्षे तसाच ठेवण्याऐवजी गरजेप्रमाणे तो बदलणे यामुळे शक्य झाले.

बंगळूर हे शहर अशा प्रयोगांचे माहेरघर बनले आहे. २०१७ साली तेथे स्थापन झालेल्या युलू या कंपनीने प्रथम भाड्याच्या सायकली आणि नंतर विजेवरची लहान दुचाकी रस्त्यावर आणली. या दुचाकीची मोटार लहान व वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्यामुळे ती चालविण्यास परवाना लागत नाही. बॅटरी उतरली की ती काढून भरलेली बॅटरी बसवितात. त्यामुळे वाहन तासन्‌तास अडकून पडत नाही. या व्यवहारात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी विजेवरची ‘चेतक’ २०२० साली प्रथम पुणे व बंगळूर या दोनच शहरांत विक्रीस आली, आणि युलूच्या २०२३ मधील नव्या दुचाकीही बजाज ऑटोच्या उपकंपनीने बांधल्या. गंमत अशी, की स्थानकावरून कचेरीत जाणाऱ्यांसाठी काढलेल्या या वाहनाचा आधार पुढे घरोघर माल पोहोचविणाऱ्या तरुणांनी मोठ्या प्रमाणावर घेतला. कोणत्याही सोयीचा खरा उपयोग गरजवंत शोधून काढतो, तो असा.

युरोपातील नगरांचा अनुभव

या बाबतीत आपल्या आधी ठेचा खाल्लेली शहरे युरोपात आहेत. त्यांचा इतिहास मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे. ॲमस्टरडॅम शहरात १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. कोणीही घ्यावी, वापरावी आणि तेथेच सोडावी, अशी ही उदार कल्पना होती. ती फार काळ चालली नाही. तिचे एक प्रवर्तक लूद शिमेलपेनिंक यांनी १९७४ साली त्याच शहरात ‘विटकार’ नावाच्या विजेवरच्या चिमुकल्या मोटारी सुरू केल्या. ठराविक ठिकाणी मोटार घ्यावयाची आणि दुसऱ्या ठराविक ठिकाणी परत करावयाची, असा सभासदांचा व्यवहार होता. संगणकावर चालणारी ही सामायिक वाहने तेव्हा काळाच्या पुढे होती. पण ठिकाणे व वाहने मोजकीच राहिली आणि १९८०च्या दशकात हा उपक्रम संपला.

पुढे फ्रान्समध्ये ल्यों शहराने २००५ साली व पॅरिसने २००७ साली भाड्याच्या सायकलींची पद्धतशीर योजना काढली. येथे सायकल बेवारस नव्हती. तिला ठरलेला कट्टा होता, घेणाऱ्याची नोंद होती आणि पाठीशी नगरपालिका होती. या योजना आजही चालू आहेत. त्याच पॅरिसमध्ये २०११ साली विजेवरच्या सामायिक मोटारी आल्या. लोकांनी त्यांचे स्वागत केले, पण खर्चाची तोंडमिळवणी होईना. तोटा कोणी सोसावयाचा यावरून कंपनी व पालिका यांच्यात वाद झाला आणि २०१८ साली ती योजना गुंडाळावी लागली.

विजेवरच्या उभ्या स्कूटरची कथा याहून निराळी. त्या कोठेही घ्याव्या व कोठेही सोडाव्या, अशा होत्या. त्या पदपथावर आडव्या पडू लागल्या, वृद्ध अडखळू लागले आणि अपघात वाढले. २ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसमध्ये जनमत घेण्यात आले. मतदान फार थोडे झाले, पण मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के लोकांनी भाड्याच्या स्कूटर नकोत असे सांगितले आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे २०१६ साली ‘व्हिम’ नावाची सेवा निघाली होती. मासिक वर्गणी भरली की बस, ट्राम, टॅक्सी व सायकल ही सारी एकाच मोबाइलवरून मिळत. जगभर तिचे कौतुक झाले, तथापि ती चालविणारी कंपनी २०२४ साली दिवाळखोरीत गेली.

याउलट स्वित्झर्लंडकडे पाहा. झुरिकमध्ये १९४८ साली काही कुटुंबांनी एकत्र येऊन मोटार सामायिक वापरण्याची सहकारी मंडळी काढली होती. त्याच देशात १९९७ साली दोन सहकारी संस्था एकत्र होऊन ‘मोबिलिटी’ ही संस्था बनली. तिच्या मोटारी रेल्वे स्थानकांपाशी उभ्या असतात. आगगाडीतून उतरावे आणि पुढच्या अंतरापुरती मोटार घ्यावी. ही संस्था आजही कार्य करीत आहे. सहकाराच्या बळावर साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला हे उदाहरण परके वाटू नये.

आपल्याकडेही ठेच लागली आहेच. २०१७ व २०१८ साली पुण्यात रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली मोठ्या थाटात आल्या. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याने त्यांचे हौसेने स्वागत केले. पण सलग सायकलमार्ग नव्हते, सायकलींची मोडतोड झाली आणि धंदा परवडेना. त्यांपैकी एक चिनी कंपनी तर २०१८ मध्येच भारत सोडून गेली. त्याच पुण्यात २०१९ साली सुरू झालेल्या विजेवरच्या बसगाड्या मात्र टिकल्या आणि वाढल्या, कारण त्यांना ठरलेला मार्ग, ठरलेले भाडे आणि जबाबदार धनी होता.

या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. टिकले ते वाहन, ज्याला ठरलेली जागा होती, जे मोठ्या वाहनाशी जोडलेले होते आणि ज्याच्या बऱ्यावाईटाबद्दल उत्तर देणारी संस्था पाठीशी होती. केवळ नवलाईवर उभे राहिलेले वाहन नवलाईबरोबरच ओसरले.

चालकाची बाजू

प्रवाशाच्या सोयीचा विचार करताना चालकाला विसरून चालणार नाही. मोबाइलवरून ऑटो मागविण्याच्या धंद्यात मधली कंपनी भाड्यातून आपला हिस्सा कापून घेते, अशी चालकांची जुनी तक्रार. यावर बंगळूरमध्ये एक निराळा उपाय निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ऑटोचालकांच्या संघटनेने जसपे या तांत्रिक कंपनीच्या साहाय्याने ‘नम्म यात्री’ हे ॲप सुरू केले. ‘नम्म’ म्हणजे कन्नडमध्ये ‘आपली’. येथे प्रत्येक भाड्यातून दलाली कापण्याऐवजी चालकाकडून ठराविक वर्गणी घेण्याची पद्धत ठेवली गेली. प्रवाशाचे पैसे थेट चालकाच्या हाती पडू लागले. कोणालाही वापरता येईल अशा खुल्या संगणकीय पद्धतीवर ते उभारले होते. तशीच खुली व्यवस्था त्यापूर्वी, २०२१ साली, कोचीत सुरू झाली होती.

कायदाही मागोमाग आला. ॲपच्या आधारे काम करणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी राजस्थानने २०२३ साली व कर्नाटकाने २०२५ साली कायदा केला. कर्नाटकाच्या कायद्यात व्यवहारामागे १ ते ५ टक्के कल्याणनिधी कंपन्यांकडून घेण्याची तरतूद आहे. काम कोणाला द्यावयाचे हे जेथे संगणक ठरवितो, तेथे तो ते कसे ठरवितो हे काम करणाऱ्याला कळले पाहिजे, हे तत्त्वही त्यात मान्य झाले आहे. माणसाच्या पोटावर पाय देणारी सोय स्वस्त असली, तरी ती समाजाला महागच पडते.

माहिती कोणाची?

आणखी एक प्रश्न घरातील प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे. आपण कोठून निघालो, कोठे उतरलो, किती वाजता परतलो, याची नोंद या सेवांजवळ साठते. एका माणसाची ही नोंद म्हणजे त्याची खाजगी दिनचर्या होय. तीवर त्याचाच अधिकार असला पाहिजे. यासाठी भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु बस कोठे आहे, मेट्रो किती वाजता येईल, कोणत्या थांब्यावर गर्दी होते, ही माहिती सार्वजनिक आहे. ती रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे सर्वांस खुली असावी. व्यक्तीची माहिती झाकलेली आणि वाहनाची माहिती उघडी, हा नियम ध्यानात ठेवण्यास सोपा आहे.

घराने काय करावे

आता आपल्यापुरते काय करता येईल ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना व मुलींना ही साधने हाताळण्यास शिकवावे. गाडीचा क्रमांक ताडून मगच बसावे आणि प्रवासाची खबर घरी कळवावी, ही सवय लावावी. एकच कार्ड अनेक शहरांच्या मेट्रोत चालावे यासाठी २०१९ साली राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्ड निघाले. बंगळूर, मुंबई व पुणे येथील मेट्रोत ते चालते. परगावी जाणाऱ्या कुटुंबाने ते अवश्य जवळ ठेवावे. भाड्याची दुचाकी घेतली तर ती ठरलेल्या जागीच लावावी, पदपथ अडवू नये. परवाना लागत नसला तरी शिरस्त्राण घालावे आणि एकट्यासाठी असलेल्या गाडीवर दोघांनी बसू नये. पॅरिसची गोष्ट याच लहानशा शिस्तीअभावी बिघडली.

दुसरी गोष्ट आपल्या नगरपालिकेकडे मागण्याची. आपल्या गावी मेट्रो नसेल, पण एस.टी.चे स्थानक किंवा रेल्वेचे स्थानक तर असेलच. तेथून वस्तीपर्यंत सलग पदपथ आहे काय? शेअर रिक्षांचा थांबा ठरलेला आणि दर फलकावर लिहिलेला आहे काय? शेवटच्या गाडीने उतरणाऱ्या बाईला घरापर्यंत नेणारे वाहन तेथे उभे असते काय? आणि ज्याच्याजवळ मोबाइल नाही, त्यालाही हात दाखवून वाहन मिळते काय? या चार प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळेल अशी व्यवस्था करण्यास परदेशी यंत्रांची गरज नाही. तिला लागते ते लक्ष आणि नागरिकांचा नेटका आग्रह.

विजेवरची वाहने येतील, संगणक अधिक हुशार होतील, गाड्या चालकाविना धावतील. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि रात्रपाळी संपवून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली कामगार स्त्री, किंवा दूरच्या गावाहून रुग्णाला घेऊन आलेले म्हातारे आईवडील, यांना अखेरचा कोस निर्धास्तपणे व परवडेल अशा खर्चात पार करता आला, तरच शहराची वाहतूक सुधारली असे म्हणता येईल. कोणत्याही नव्या सेवेची बातमी कानी आली, की वाचकांनी प्रथम हाच प्रश्न विचारावा.